फेकोचे पेडल आणि माझा उजवा पाय

पुण्यातल्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात फेको, म्हणजे मोतीबिंदू डोळ्याच्या आतच यंत्राने फोडून काढण्याची पद्धत, शिकण्यासाठी मी रुजू झाले, तेव्हा माझ्या नावावर मोतीबिंदूच्या दोनशेच्या आसपास शस्त्रक्रिया होत्या. पण त्या सगळ्या एसआयसीएस, म्हणजे लहान छेदातून हाताने करायच्या, पद्धतीच्या. त्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून पिकलेले न्यूक्लियस, म्हणजे भिंगाचा कडक गाभा, अख्खेच्या अख्खे बाहेर काढतात. तिथे यंत्र लागत नाही, हात लागतो, आणि माझा हात बरा होता. फेकोत आमचा छेद २.८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे न्यूक्लियस डोळ्याच्या आतच फोडावे लागते आणि त्याचा लगदा ओढून घ्यावा लागतो. हे फोडण्याचे काम अल्ट्रासाऊंडची ऊर्जा करते. ओपीडीत रोज कोणीतरी "लेझरनेच करणार ना?" असे विचारते आणि गर्दीच्या वेळी आम्हीही मान डोलावून मोकळे होतो, पण या कामात लेझर कुठेच नसतो.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना ही कल्पना दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसले असताना, दात साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक उपकरणावरून सुचली आणि १९६७ मध्ये त्यांनी ती जगापुढे मांडली. यंत्रे तेव्हापासून कितीतरी बदलली, पण गाभा तोच राहिला. हँडपीसमधल्या, म्हणजे हातात धरायच्या दांड्यातल्या, पायझो क्रिस्टलला वीज दिली की टायटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा पुढे-मागे होते. ही हालचाल पूर्ण पॉवरलाही मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच असते, तरी कडक न्यूक्लियसला खणून काढायला ती पुरते. घर्षणाने सुई तापते. तिच्याभोवतीच्या सिलिकॉनच्या स्लीव्हमधून आत येणारे आणि सुईच्या पोटातून बाहेर जाणारे पाणी तिला थंड ठेवते.

या ऊर्जेचा फटका कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या बाजूला असलेल्या एंडोथेलियम नावाच्या पेशींच्या थराला बसतो. प्रौढ माणसात या पेशी चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार असतात. कॉर्नियातले पाणी सतत बाहेर टाकून त्याला काचेसारखे ठेवणे हे त्यांचे काम. त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून जागा भरून काढतात, एवढेच. संख्या पाचशेच्या आसपास उतरली की कॉर्निया कायमचा सुजून पांढरा होण्याची भीती असते, म्हणजे मोतीबिंदू निघाला तरी दिसायचे नाहीच.

ऊर्जेची सगळी सूत्रे पायात असतात, हे पुस्तकात वाचले होते. पेडल थोडे दाबले की पहिल्या टप्प्यात नुसते पाणी सुरू होते, दुसऱ्यात ओढ सुरू होते आणि तिसऱ्यात अल्ट्रासाऊंड. तिसऱ्या टप्प्यात जितके खोल दाबावे तितकी पॉवर वाढते. शस्त्रक्रियेला बसताना उजव्या पायातली चप्पल काढून मोज्यावर पेडल धरायचे, डावा पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर ठेवायचा. दोन हात, दोन पाय आणि डोळे असे पाच ठिकाणी लक्ष वाटले गेले की पहिल्यांदा विसर पडतो तो उजव्या पायाचा.

सुरुवात बकऱ्याच्या डोळ्यांवर झाली. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून ते बर्फात घालून येत. बकऱ्याचे भिंग फार मऊ असते, ऊर्जा न देताही ओढले जाते. म्हणून ते काही सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवून कडक करायचे. त्या जुन्या मायक्रोवेव्हवर कोणीतरी "यात डोळे शिजतात. चहा अन्यत्र गरम करावा." असा कागद चिकटवून अस्सल पुणेरी सोय केलेली होती. पंधरा-वीस डोळ्यांनंतर खणणे, फिरवणे, फोडणे जमू लागले आणि मला वाटले की आता माणसांच्या डोळ्यांना हरकत नाही.

माझी सहावी केस होती. आतली जागा टिकावी म्हणून मी चेंबर, म्हणजे कॉर्नियामागची पोकळी, व्हिस्कोइलास्टिकने, म्हणजे एका पारदर्शक जेलने, गच्च भरून घेतला, सुई आत नेली आणि पाय थेट तिसऱ्या टप्प्यावर टाकला. सुईच्या तोंडाशी ताकासारखा पांढरा धूर उठला. मी तो लगदा समजून आणखी दाबणार, इतक्यात शेजारी उभ्या असलेल्या, मला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "पाय काढ!" आवाज चढलेला नव्हता, पण ओटीतल्या सिस्टरही थांबल्या. तो पांढरेपणा म्हणजे सुईचे तोंड जेलने तुंबल्याची खूण होती. पाणी वाहत नव्हते आणि सुई मात्र तापत होती. साठ अंशांच्या आसपास कोलाजेन आक्रसते, आणि छेदाची कड भाजली की ती मिटत नाही. माझ्या केसमध्ये कड किंचित पांढुरकी झाली, छेद पाण्याने फुगवूनही मिटेना, आणि बिनटाक्याच्या म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रियेला १०-० नायलॉनचा एक टाका घालावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या काकूंना टाक्याचे कारण सांगताना माझी जी तारांबळ उडाली, ती अजून आठवते. मॅडमनी सांगितलेला नियम साधा होता: आत गेल्यावर आधी दुसऱ्या टप्प्यावर थांबून समोरचे थोडे जेल ओढून घ्यायचे, पाणी वाहते आहे हे डोळ्यांनी पाहायचे, आणि मगच तिसऱ्या टप्प्यावर जायचे.

पुढचे दोन आठवडे त्यांनी मला केस दिली नाही. ओटी संपल्यावर हँडपीसला रबरी टेस्ट चेंबर लावून त्यात पाणी भरायचे, मी डोळे मिटून पेडलवर पाय ठेवायचा, मॅडम "दोन", "तीन, वीस", "तीन, चाळीस", "एक" असे, म्हणजे टप्पा आणि पॉवरचे टक्के, सांगणार, आणि सिस्टर स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचणार. पहिल्या दिवशी वीस सांगितले की माझे पन्नास येत असे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये पेडलला एक बारीकसा अडथळा जाणवतो, टाचेला नाही, अंगठ्याच्या मुळाशी. तो एकदा ओळखीचा झाला की पाय तिथे थांबायला शिकतो. ओढ वाढली की यंत्राचा सूर चढतो आणि सुईचे तोंड तुकड्याने पूर्ण बंद झाले की निराळी घंटी वाजते. हे आवाज मी तोवर ओटीतला गोंगाट समजत होते. त्या दोन आठवड्यांनी मला जितके शिकवले तितके बकऱ्याच्या सगळ्या डोळ्यांनी मिळून शिकवले नसेल.

मग आले पल्सचे प्रकरण. ऊर्जा अखंड देण्याऐवजी तुकड्यातुकड्यांत देता येते. सेकंदाला दहा पल्स आणि पन्नास टक्के ड्यूटी सायकल ठेवली की पन्नास मिलिसेकंद ऊर्जा आणि पन्नास मिलिसेकंद विश्रांती, म्हणजे ऊर्जा निम्मी. या विश्रांतीत सुई थंड होते हा फायदा आहेच, पण मला त्याहून मोलाचे वाटले ते दुसरेच. पुढे-मागे होणारी सुई तुकड्याला फोडते तशी ढकलतेही, त्यामुळे तुकडा तोंडावरून निसटून चेंबरमध्ये नाचू लागतो. विश्रांतीच्या क्षणात व्हॅक्युम, म्हणजे सुईतली ओढ, त्याला परत ओढून आणतो. टॉर्शनल पद्धतीत वाकड्या टिपची सुई आडवी हलते, दोन्ही बाजूंना कापते आणि ढकलते कमी. त्या सोयीचे यंत्र आमच्याकडे एकच होते आणि ते बहुधा वरिष्ठांच्या टेबलावर असे, याबद्दल माझी थोडी तक्रार अजून आहे.

शस्त्रक्रियेच्या शेवटी स्क्रीनवर सीडीई, म्हणजे डोळ्यात एकूण किती ऊर्जा गेली त्याचा आकडा येतो. सरासरी पॉवर आणि वेळ यांच्या गुणाकारावरून तो निघतो. मी एका वहीत तारीख, मोतीबिंदूची ग्रेड, म्हणजे तो किती कडक, आणि सीडीई लिहू लागले. पंधरावरून दहा, दहावरून सात असा तो उतरत गेला तशी मला त्याची चटक लागली. प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा असल्याने एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही हे मॅडमनी सांगितले होते, तरी शेजारच्या टेबलावरचा आकडा मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचेच.

मे महिन्यात सासवडजवळच्या एका गावातले आजोबा आले. उजव्या डोळ्यात चॉकलेटी रंगाचा, दगडासारखा मोतीबिंदू. समोर हात हलवलेला तेवढा कळायचा. पालखी सासवडला मुक्कामाला येईल तोवर दिसायला हवे, एवढीच त्यांची अट होती. असा मोतीबिंदू एसआयसीएसने काढणे मला सोपे होते, पण मॅडम म्हणाल्या की फेकोनेच कर, मी शेजारी बसते. माझ्या डोक्यात सीडीई होता. मी पॉवरची मर्यादा तीस टक्क्यांवर ठेवून खणायला सुरुवात केली. सुई पुढे जायची आणि न्यूक्लियस कापले जाण्याऐवजी अख्खे पलीकडे सरकायचे, पुन्हा जागेवर यायचे, पुन्हा सरकायचे. मला हे सावध काम वाटत होते.

"अगं, तू कापत नाहीस, ढकलते आहेस त्याला," मॅडम म्हणाल्या. "झोन्यूल्स बघ कशी ताणली जातायत. सिस्टर, सत्तर करा."

भिंगाची पिशवी ज्या बारीक तंतूंनी टांगलेली असते ती झोन्यूल्स, आणि हे तंतू म्हातारपणी आधीच कमकुवत झालेले असतात. ते तुटले तर न्यूक्लियस मागे पडद्याकडे बुडते. सत्तर टक्क्यांवर सुई लोण्यातून जावी तशी गेली. प्रत्येक फटका पुढे जाताना द्यायचा, मागे येताना पाय दुसऱ्या टप्प्यावर आणायचा, असे चार-पाच वेळा केल्यावर मधोमध चर पडला. मग व्हॅक्युम ३५० वर नेला, सुई न्यूक्लियसच्या पोटात रुतवली, सूर चढून घंटी वाजेपर्यंत थांबले, पाय वर घेतला आणि दुसऱ्या हातातल्या चॉपरने, म्हणजे बारीक आकड्यासारख्या हत्याराने, फोडले. फोडण्याच्या त्या कामाला ऊर्जा शून्य लागली. नागाहारा यांनी १९९३ मध्ये दाखवलेल्या फेको चॉपचे सारे मर्म याच थांबण्यात आहे, हे मला त्या आजोबांच्या डोळ्यात कळले. मागचा भाग चामड्यासारखा चिवट होता, तो सुटता सुटत नव्हता. मध्ये दोनदा थांबून कॉर्नियाखाली चिकटून राहणारे डिस्पर्सिव्ह जेल पुन्हा भरले. शेवटचा तुकडा धरताना व्हॅक्युम मुद्दाम उतरवला, कारण तुंबलेले तोंड एकदम मोकळे झाले की चेंबर क्षणात कोसळतो आणि मागची पिशवी, जी मायक्रॉनच्या हिशोबात मोजावी इतकी पातळ असते, थेट सुईवर येते.

सीडीई आला ३१. माझ्या वहीतला सर्वांत मोठा आकडा. दुसऱ्या दिवशी कॉर्नियावर सुजेच्या बारीक रेघा होत्या. स्टेरॉइडचे आणि हायपरटॉनिक सलाइनचे थेंब दिले, आठवड्यात त्या गेल्या. त्याच आठवड्यात एका बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंची केस मी केली होती. मऊ मोतीबिंदू, सीडीई सहा, मी खूश.

तीन महिन्यांनी दोघांच्या पेशी स्पेक्युलर मायक्रोस्कोपवर मोजल्या. आजोबांच्या २४१० वरून २१२० झाल्या होत्या, म्हणजे बारा टक्के गेल्या. त्या बाईंच्या २५६० वरून २१५०, सोळा टक्के. मला यंत्रच चुकले असे वाटले आणि मी पुन्हा मोजायला लावले. आकडे तेच आले. संध्याकाळी दोन्ही व्हिडिओ लावून बसले. बाईंच्या डोळ्यात चेंबर मुळातच उथळ होता, आणि मऊ तुकडे मी बुबुळाच्या वर, कॉर्नियाच्या अगदी खाली खाल्ले होते. एक तुकडा तर दोनदा उडून कॉर्नियावर आपटलेला स्पष्ट दिसत होता, आणि त्या दोन्ही वेळी सुईच्या तोंडाशी काहीही नसताना माझा पाय तिसऱ्या टप्प्यावर होता. आजोबांच्या डोळ्यात पाचपट ऊर्जा गेली होती, पण ती जवळजवळ सगळी खोल पिशवीत, तुकड्याने तोंड बंद असताना.

वहीत मी त्या दिवशी सीडीईच्या शेजारी आणखी दोन रकाने आखले: ऊर्जा डोळ्यात कुठे दिली, आणि तोंड रिकामे असताना किती सेकंद. दुसरा रकाना व्हिडिओ पाहून हाताने भरावा लागतो, त्याला वेळ जातो. बाईंच्या केसचा आकडा अकरा सेकंद निघाला.