वह्या, प्रॉक्सी आणि नाताळची तालीम

शिक्षक दिनाला गुलाब, पेन आणि 'ताणमुक्ती'वर तासभराचं व्याख्यान. वसई-मुंबईकडच्या बऱ्याच कॅथलिक प्राथमिक शाळांत शिक्षकांच्या स्वास्थ्याचा विषय इथेच आटोपतो. ताणाचं मूळ वेळापत्रकात असतं, आणि इलाजही तिथेच करावा लागतो.

वह्यांपासून सुरुवात करू. पटावर ५० मुलं आणि एका वहीला दोन मिनिटं धरली, तरी एका विषयाला १०० मिनिटं लागतात, म्हणजे ३५ मिनिटांचे जवळजवळ तीन पिरियड. प्राथमिकला वर्गशिक्षिकाच बहुतेक विषय घेते. आठवड्याला जे दोन-चार ऑफ पिरियड मिळतात, ते प्रॉक्सीत, म्हणजे गैरहजर शिक्षिकेचा वर्ग सांभाळण्यात, जातात आणि वह्यांची पिशवी घरी येते. रात्री दहाला तपासलेल्या वहीत बरोबरच्या खुणा आणि सही एवढंच उरतं. वजाबाकीत हातचा विसरणारं पोर तसंच पुढच्या धड्यात ढकललं जातं. शिक्षिका दमली की शिकवणं घसरतं ते असं, कुणाच्या नजरेत न येता.

यावर उपाय सोपा आहे. बाकांच्या रांगांप्रमाणे चार गट करावेत आणि रोज एकाच गटाच्या १२-१३ वह्या घ्याव्यात. २५ मिनिटांत होतात. पाढे आणि शुद्धलेखन मुलांनी फळ्यावर बघून एकमेकांचं तपासावं. उदाहरणं आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरं मात्र बाईंनीच बघावीत. सुपरवायझरला पानोपानी लाल सही हवी असली की ही पद्धत पहिल्याच महिन्यात कोलमडते. म्हणून काय तपासलेलं पुरेसं आहे, हे मुख्याध्यापिकेने जूनमध्येच सूचना वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

मूल्यमापनात प्रत्येक मुलाबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदींचं तेच. पहिलीला सहा विषय, ५० मुलं, म्हणजे सत्राला ३०० नोंदी. शेवटच्या आठवड्यात बसलं की प्रत्येक मूल 'वर्गात लक्ष देते' आणि 'चित्रे छान काढते'. प्रत्येक मुलाला एक पान देऊन रोज तिघांबद्दल एकेक ओळ लिहिली, तर १७ दिवसांत पूर्ण पट होतो.

प्रॉक्सी बहुधा नाही न म्हणणारीच्याच वाट्याला येते. स्टाफरूमच्या भिंतीवर नाव आणि तारखेचा तक्ता लावला की हे दिसू लागतं. आठवड्याला दोनच्या वर प्रॉक्सी कुणालाही नको. २६ आठवड्यांची प्रसूती रजा आधी कळलेली असते, तरी बदली शिक्षिका नेमायला उशीर होतो आणि दोन तुकड्या एकत्र बसवल्या जातात. १०० मुलांपुढे चढवलेला आवाज दोन आठवड्यांत बसतो. तीन-चार आठवडे घसा सुटला नाही तर आल्याचा चहा पुरे करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि तयारी धरून आठवड्याला ४५ तास काम, असं माप आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कॅथलिक शाळांसारख्या अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर आहेत. पण ते माप वापरायला त्यांना कुणी मनाई केलेली नाही.

आता खास कॅथलिक शाळांची अडचण. मॅनेजर बऱ्याचदा धर्मग्रामाचे (म्हणजे स्थानिक चर्चच्या परिसराचे) फादरच असतात आणि शिक्षिका त्याच धर्मग्रामातली असते. रविवारचं धर्मशिक्षण, सणाची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), नाताळची तालीम यांना नकार देणं तिला जड जातं. शाळेत ज्यांच्याविषयी तक्रार आहे, त्यांच्याच हातून रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असतो! म्हणून शाळेबाहेरच्या कामांची यादी जूनमध्ये लावावी, ज्याने त्याने स्वखुशीने नाव लिहावं आणि गोपनीय अहवालात त्याचा उल्लेख नसावा. तक्रार ऐकायला मॅनेजर सोडून दुसरं कुणी हवं. निवृत्त मुख्याध्यापिका चालेल.

मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरांची बदली झाली की टाचणाचा, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीचा, नमुनाही बदलतो. नव्या मुख्याध्यापिकेने पहिलं वर्ष जुनाच नमुना चालू ठेवावा. मंजूर रजा आणि ठरलेल्या सवलती जुन्या सिस्टरांनी लिहून द्याव्यात, नाहीतर तोंडी शब्द त्यांच्याबरोबरच जातो.

पगाराविषयी थोडक्यात: चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं कलम २३१ चर्चची सेवा करणाऱ्या प्रापंचिकांना (धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्यांना) योग्य मोबदला आणि आरोग्यसुरक्षा यांचा हक्क देतं. विनाअनुदानित तुकडीवर कमी पगारात बाई नेमण्याआधी व्यवस्थापनाने ते वाचावं.

सध्याची धास्ती टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत ती पास व्हायची आहे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. तोवर अभ्यास करून ठेवणंच शहाणपणाचं. पेपर एक १५० गुणांचा असतो: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. ज्या सत्रात परीक्षा असेल, त्या सत्रात परीक्षेला बसणाऱ्यांना संध्याकाळच्या तालमी लावू नयेत आणि शनिवारी लवकर सोडावं.