तुम्ही विचारलंत म्हणून: डग्लसांच्या ढालीवरचे हृदय

स्कॉटलंडच्या इतिहासाचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते: डग्लस घराण्याच्या ढालीवर लाल हृदय कशासाठी? ते राजा रॉबर्ट ब्रूसचे हृदय आहे, एवढे उत्तर पुरेसे असले तरी मला ही हकिकत ते हृदय घेऊन निघालेल्या जेम्स डग्लसच्या वडिलांपासून सांगावीशी वाटते.

विल्यम डग्लस इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डविरुद्ध उठला, टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत मेला आणि त्याचे वतन रॉबर्ट क्लिफर्ड या इंग्रज सरदाराकडे गेले. पोरका जेम्स पॅरिसहून परतून बिशप लँबर्टनच्या पदरी राहिला. बिशपने वतनासाठी रदबदली केली, तेव्हा एडवर्डने बंडखोराच्या मुलाला साफ नकार दिला. 1306 मध्ये जेम्स हा रॉबर्ट ब्रूसला जाऊन मिळाला, तो याच कारणाने.

पुढे एका पाम संडेला (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) डग्लसांच्या गढीतली इंग्रज शिबंदी चर्चमध्ये असताना त्याने छापा घातला. कवी जॉन बार्बर सांगतो की, कैद्यांना तळघरात मारून पीठ, धान्य, दारू आणि रक्त यांचा एकच चिखल केला गेला व गढी पेटवून देण्यात आली. हे क्रौर्यच होते, त्यावर पांघरूण घालणे मला पटत नाही; पण ती गढी त्याच्याच वाडवडिलांची होती, हे मला विसरता येत नाही. इंग्रज त्याला ‘काळा डग्लस’ म्हणत, तर स्कॉट लोक ‘भले सर जेम्स’.

1329 मध्ये ब्रूस वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे हृदय चांदीच्या डबीत घालून, ती गळ्यात अडकवून जेम्स पवित्र भूमीकडे, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेने निघाला, परंतु 25 ऑगस्ट 1330 रोजी स्पेनमधील तेबा येथे मूरांशी (तिथल्या मुस्लिम सैन्याशी) लढताना पडला. त्याच्या अस्थी डग्लस गावी आल्या आणि हृदय मेलरोजच्या मठात पोचले.

घराण्याचे दुःख मात्र तिथे संपले नाही. 1333 मध्ये हॅलिडन हिलच्या एकाच लढाईत जेम्सचा औरस मुलगा आणि सावत्र भाऊ आर्चिबाल्ड दोघेही मारले गेले. अर्लपद (सरदारकीचा वंशपरंपरागत किताब) 1358 मध्ये मिळाले ते या आर्चिबाल्डच्या मुलाला. 1388 मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत दुसरा अर्ल औरस वारसाविना पडला, तेव्हा कुठे ते जेम्सच्या अनौरस मुलाकडे आले. त्याचेही नाव आर्चिबाल्डच.