नागाकचा एकच स्वर : सातव्या आठवड्याची नोंद

कोरियात नागाक या फुंकून वाजवायच्या शंखवाद्यासाठी मोठ्या ट्रायटन जातीच्या शंखाचे कवच वापरतात. आपल्याकडे मोठ्या ट्रायटनला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच असल्यामुळे तो मिळवण्याच्या फंदात न पडता मी सराव साध्या फुंकायच्या शंखावर चालू ठेवला आहे. (देव्हाऱ्यातील शंख टोक न कापलेला, अभिषेकाच्या पाण्याचा, आईने त्याला हात लावू दिला नसता, हे वेगळे सांगायला नको.)

नागाकला बोटांसाठी छिद्रे नसतात. ओठ अधिक ताणले तर वरचा स्वर फुटतो. परंतु वादकाकडून अपेक्षा एकाच, लांब आणि स्थिर स्वराची असते. पहिले पाच आठवडे मी मोठ्या आवाजालाच प्रगती समजत होतो. या आठवड्यात मोबाइलवरील ट्यूनर (स्वराची उंची दाखवणारे ॲप) समोर ठेवला, तेव्हा प्रत्येक फुंकीत सहाव्या-सातव्या सेकंदाला, श्वास ओसरू लागताच, काटा खाली घसरताना दिसला आणि सारा गर्व उतरला. ओठांचे कोपरे घट्ट धरून श्वास पोटातून सोडल्यावर घसरण बरीच कमी झाली, मात्र पूर्ण थांबलेली नाही. दहा मिनिटांनी शंखात वाफेचे पाणी साठून स्वराला गुळगुळ आवाज येतो. तेव्हा शंख फिरवत उपडा करून पाणी काढावे लागते.

स्थिरतेचा एवढा आग्रह का, हे देच्विता ऐकल्यावर कळते. राजाच्या स्वारीपुढे आणि सैन्याच्या कूचाच्या वेळी पूर्वी वाजणाऱ्या या कोरियन संगीतात हाती काठी घेतलेला प्रमुख 'म्यंगगुम इल्हा देच्विता' अशी आज्ञा देतो, म्हणजे थाळीवर एकदा ठोका देऊन वादन सुरू करा. मग सुरावट एकटे थेप्यंगसो, आपल्या सनईचे दूरचे नातलग, वाहते. झांजा, जिंग ही थाळी आणि योंग्गो हा ढोल ताल धरतात, तर नाबाल हे पितळी लांब तुतारीसारखे वाद्य आणि नागाक आळीपाळीने आपापला एकच स्वर धरतात. नाबालचा स्वर टोकदार, नागाकचा घुमणारा. एक थांबल्यावर दुसऱ्याने उचलायचे, हीच खरी कसोटी आहे.

काल ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवून पाहिले. चार वेळांपैकी तीनदा मी नाबाल संपल्यावर श्वास घ्यायला लागलो आणि उशिरा आत आलो. श्वास आधीच, नाबालचा स्वर चालू असतानाच भरून ठेवायला हवा. पुढचा आठवडा केवळ त्यासाठी.