अंगठा, बी फॉर्म आणि दुपारचे तीन

२९ ऑक्टोबर २०२४. धनत्रयोदशी, आणि विधानसभेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. अधिसूचना २२ तारखेला निघाली होती. २६ चा चौथा शनिवार आणि २७ चा रविवार सुट्टीत गेले, म्हणजे अर्ज भरायला सहाच दिवस, तेही सकाळी अकरा ते दुपारी तीन. मराठवाड्यातला मतदारसंघ, २०१४ आणि २०१९ असा दोनदा निवडून आलेला आमदार, आणि त्याच्या पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचे कागद, अजून वाटेत. मी वकील, कागद माझ्याकडे होते.

नवख्या उमेदवारापेक्षा विद्यमान आमदाराचं प्रतिज्ञापत्र जड जातं. नमुना २६ मध्ये २०१९ पासून पाच वर्षांचं उत्पन्न लिहावं लागतं. स्वतःचं, पत्नीचं, अवलंबितांचं आणि हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर त्याचंही. आयकर विवरणपत्रातला आकडा इथे जसाच्या तसा यायला हवा. मागच्या दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर पडलेली असतात आणि विरोधकाचा वकील तीच शेजारी ठेवून वाचतो. २०१९ ला दाखवलेली दोन एकर जमीन आता दिसत नसेल, तर ती विकली का, पैसे कुठे गेले, हे त्याच्याआधी आपण विचारायचं.

दहा वर्षांच्या आमदारकीचा खरा इतिहास गुन्ह्यांच्या रकान्यात सापडतो. ऊसदराचा रास्ता रोको, पीकविम्याचा मोर्चा, महावितरणच्या कार्यालयाला टाळं. कलमं ठरलेली: तेव्हाच्या भारतीय दंड विधानाची (भादंवि) १४३, ३४१, १८८, म्हणजे बेकायदा जमाव, वाट अडवणं, आदेशभंग, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३) सह १३५. बहुतेक आंदोलनं आमदार विसरून गेलेले असतात, पण गुन्हा क्रमांक विसरत नाही. म्हणून तोंडी यादीवर विश्वास ठेवायचा नाही. जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करून नावावरचे सगळे गुन्हे लेखी मागवायचे, ई-कोर्टवर तालुक्याची आणि जिल्ह्याची न्यायालयं शोधायची. आमच्या उमेदवाराने पाच सांगितले, कागदावर सात निघाले. एक रकाना चुकला तर काय होतं हे राज्याने पाहिलं आहे. २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणं नसल्यावरून देवेंद्र फडणवीसांविरुद्धची तक्रार २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. निकाल बाजूने लागला तरी मधली वर्षं तारखांत जातात.

आणखी एक रकाना खास आमदारांसाठीच असल्यासारखा आहे. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी नसल्याचा दाखला. मुंबईच्या आमदार निवासातली खोली यात येते. साहेब वर्षातून चार वेळा तिथे झोपतात, बाकीचे दिवस खोली मतदारसंघातून मंत्रालयात आणि इस्पितळात आलेल्या लोकांची असते. तरी बिल साहेबांच्या नावावर. अरुणाचलच्या तेझू मतदारसंघातल्या करिखो क्री यांनी २०१९ ला असा दाखला जोडला नव्हता. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्यांची निवड वैध ठरवली, कारण प्रत्यक्षात थकबाकी नव्हती. म्हणून कुणी 'चालतंय की' म्हणालं तरी मी दाखला जोडतोच. पाच वर्षं कोर्टात घालवून चालण्यापेक्षा स्वीय सहायकाला एक दिवस मुंबईला पाठवणं परवडतं.

प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं. नुसती आडवी रेघ ओढायची नाही. मुद्रांक त्याच महिन्यात शंभरावरून पाचशेवर गेला होता, तो पाचशेचा घेतला. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं लागतं, ते उघडलं होतं. डिपॉझिट दहा हजार (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच), रोख किंवा कोषागाराच्या चलनाने. धनादेश चालत नाही.

आता डावाचा भाग. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत मुभा असते, डिपॉझिट मात्र एकदाच. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला दहा लागतात. पण बी फॉर्म शेवटच्या दिवशी तीनच्या आत आला नाही, तर एका सूचकाचा अर्ज छाननीत पडतो. म्हणून आम्ही दोन संच केले: पक्षाचा, एका सूचकाचा, आणि अपक्षाचा, दहा सूचकांचा. तिकिटाची खात्री आहे म्हणणारे आमदारसुद्धा हा दुसरा संच करतात. फक्त त्याची वाच्यता करत नाहीत.

दहा सह्या आदल्या रात्री दोन कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून आणल्या होत्या. सकाळी दहापासून मी त्या मतदार यादीशी ताडत होतो. ऑगस्टअखेरीस नवी यादी आली होती आणि मतदान केंद्रांच्या फेररचनेत भाग क्रमांक बदलले होते. लोकसभेच्या वेळची यादी वापरणारा हमखास चुकतो. तशा तीन चुका निघाल्या, दुरुस्त केल्या. लिखाणातल्या अशा चुकांवर अर्ज सहसा पडत नाही, कायदाच तशी सवलत देतो. आठव्या ओळीवर मात्र थांबलो. सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता.

"हा अंगठा कुणासमोर घेतला?"

"घरीच, ओट्यावर. आबांना लिहिता येत नाही ना."

इथेच अर्ज पडतो. निवडणूक नियमांनुसार निरक्षराचा अंगठा हा सही म्हणून तेव्हाच धरला जातो, जेव्हा तो निवडणूक निर्णय अधिकारी किंवा आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवलेला असतो आणि त्या अधिकाऱ्याने ओळख पटवून तो साक्षांकित केलेला असतो. ओट्यावरचा अंगठा कायद्याच्या लेखी कोरी जागा. म्हणजे सूचक नऊ. ही किरकोळ चूक नव्हे. सूचकांची संख्या हा अर्जाचा पायाच आहे.

घड्याळात अकरा चाळीस. नवा फॉर्म करायचा तर दहाही जणांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागणार, आणि ते धनत्रयोदशीला आपापल्या गावी, कुणी सोयाबीनच्या मळणीवर, कुणी तालुक्याच्या बाजारात. आठवी ओळ खोडून दुसऱ्याची सही घेता आली असती, पण खाडाखोड म्हणजे छाननीत हरकत घ्यायला आयतं निमित्त. नऊ माणसं गोळा करण्यापेक्षा एक आणणं सोपं. आबांचं गाव बावीस किलोमीटरवर. मोटरसायकल पाठवली. सोबत मतदार ओळखपत्र आणायचं, हे दोनदा बजावून सांगितलं.

एक वाजून पाच मिनिटांनी आबा आले. धोतर, टोपी, पायाला मळणीचं भुसकट. शंभर मीटरच्या पट्ट्यापुढे तीनच गाड्या आणि दालनात उमेदवार धरून पाचच माणसं, हा नियम गेटवरचा हवालदार काटेकोर पाळत होता. इथे दुसरी तरतूद कामाला आली. अर्ज उमेदवारानेच द्यावा असं नाही, सूचकही देऊ शकतो. वकील किंवा कार्यकर्ता मात्र नाही. आणि अपक्षाचा अर्ज देताना आमदाराचा फोटो निघाला तर संध्याकाळपर्यंत 'बंडखोरी' म्हणून फिरला असता. म्हणून तो संच आबांच्या हातात दिला, मी सोबत गेलो.

आतल्या टेबलावर नायब तहसीलदार. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, यादीत भाग आणि अनुक्रमांक शोधला, आबांना वडिलांचं नाव विचारलं. मग निवडणूक निर्णय अधिकारी असलेल्या प्रांतसाहेबांसमोर शाईचं पॅड. आबांच्या अंगठ्याला शेतातल्या कामाने भेगा पडल्या होत्या. पहिला ठसा पुसट आला. साहेबांनीच कागद सरळ धरून आधीच्या ठशाशेजारी दुसरा घ्यायला सांगितला आणि खाली साक्षांकनाची सही, शिक्का, वेळ टाकली: एक बावन्न.

"झालं का माझं?" आबांनी विचारलं. "मळणीयंत्र भाड्याचं हाय."

बी फॉर्म आला दोन सदतीसला. हातात पडताच चार गोष्टी पाहायच्या: उमेदवाराचं नाव यादीप्रमाणे आहे का, मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव जुळतात का, सही शाईची आहे का (झेरॉक्स, स्कॅन किंवा सहीचा रबरी शिक्का चालत नाही), आणि सही करणारा तोच आहे का, ज्याच्या सहीचा नमुना ए फॉर्मवर आहे. चारही ठीक. आमदार हार काढून चार माणसांसह आत गेले. दोन अठ्ठेचाळीसला पक्षाचा संच दाखल झाला. कोणता कागद जोडला, कोणता नाही, याची तपासणी सूची सहीनिशी परत घेतली; छाननीत कुणी 'हे जोडलंच नव्हतं' म्हणाला तर हाच एक कागद बोलतो.

बाहेर हलगी सुरू झाली, आमदार निघाले. दारातून त्यांना परत बोलवावं लागलं. शपथ राहिली होती.

"अहो वकीलसाहेब, शपथ दोनदा घेतलीय की मी. विधानभवनात!"

मुरलेल्या आमदारांची ही नेहमीची गफलत. ती संविधानाच्या अनुच्छेद १८८ ची, सदस्याची. ही १७३ ची, उमेदवाराची. अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीचा दिवस उजाडण्याच्या आत घ्यावी लागते. ती नसेल तर उमेदवार पात्रच ठरत नाही, मग तो कितीही वेळा निवडून आलेला असो. छाननी दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला होती. रात्री बारापर्यंत वेळ होता खरा, पण एकदा मिरवणूक निघाली की उमेदवार रात्री बारालाही सापडत नाही.

ते परत आले. कागद हातात घेतला, पण पाहिला नाही. तोंडपाठ म्हणत गेले. परमेश्वराच्या नावाने शपथ, संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा, भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन, "आणि आता जे कर्तव्य मी हाती घेणार आहे..."

"साहेब, इथंच संपते," नायब तहसीलदार म्हणाले. "ते वाक्य या शपथेत नाही. ते निवडून आल्यावर."

आमदारांनी कागदाकडे पाहिलं, हसले आणि सही केली.