मुलं नोंदणीच्या खिडकीवरूनच परत जातात

किशोरवयीनांसाठी प्रजनन आरोग्य सेवा सुरू करायची म्हटलं की आधी खोली शोधली जाते, तिला रंग दिला जातो, भिंतीवर चित्रं लागतात आणि दारावर ठळक पाटी येते. ती पाटीच मुलांना अडवते. १६ वर्षांची मुलगी त्या दाराशी दिसली तर ती कशाला आली हे कुणाला विचारावं लागत नाही. शहरात गर्दी अनोळखी असते खरी, पण दवाखान्याच्या बाकावर नेमकं ओळखीचं कुणीतरी बसलेलं असतं. स्वतंत्र युवा केंद्रांत बऱ्याचदा आसपासची, जरा मोठी मुलं वेळ घालवायला येतात, सेवा घ्यायला फार थोडी. त्यापेक्षा नेहमीच्याच दवाखान्यात, नेहमीच्याच दारातून आत जाता यावं. वेळ मात्र शाळा-कॉलेज सुटल्यानंतरची हवी. सकाळी ९ ते १ ची ओपीडी म्हणजे मुलांनी तास बुडवून यायचं, आणि मग घरी त्याचा जाब द्यायचा.

सगळ्यात मोठी गळती नोंदणीच्या खिडकीवर होते. आतला माणूस केसपेपर भरताना विचारतो, "काय होतंय?" मागे सहाजण रांगेत. मुलगा "डोकं दुखतंय" म्हणतो, डोकेदुखीची गोळी घेतो आणि जातो. त्याला लघवी करताना जळजळ होत होती, हे कुणाला कळतच नाही. म्हणून केसपेपरवरचा तक्रारीचा रकाना खिडकीवर भरायचाच नाही. "डॉक्टरांना भेटायचंय" एवढं पुरेसं. आत बोलावताना नाव नको, टोकन नंबर हवा. आणि मोबाइल नंबर घेताना एक प्रश्न विसरू नका: "या नंबरवर फोन केला तर कोण उचलेल?" तपासणीच्या रिपोर्टचा मेसेज घरच्यांच्या फोनवर गेला, तर डॉक्टरांनी आत कितीही गुप्तता पाळली तरी ती वाया गेली.

हे नीट चालतंय का ते पाहायचं असेल, तर एखाद्या तरुण कार्यकर्त्याला पेशंट म्हणून फाटकापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पाठवा. येण्याचं कारण किती जणांना सांगावं लागलं ते त्याने मोजावं. आकडा एकच यायला हवा.

मुलीबरोबर आई असेल तर आधी दोघींशी बोलावं, मग आईला सांगावं, "या वयाच्या प्रत्येक पेशंटशी मी दहा मिनिटं एकटीशी बोलते." सगळ्यांना एकच नियम असला की कुणाला संशय येत नाही. गुप्ततेबद्दल प्रश्न विचारायच्या आधीच सांगायचं, मर्यादांसकट: जिवाला धोका असेल, कुणी अत्याचार करत असेल किंवा तुमच्या ठिकाणचा कायदा कळवायला सांगत असेल, तर गप्प राहता येणार नाही. आधी माहिती काढून घेऊन मग हे सांगणं ही फसवणूक आहे. बोलणं घर, शाळा, मित्र, व्यसनं या क्रमाने लैंगिक विषयाकडे न्यावं. "लग्न झालंय का?" हा पहिला प्रश्न असला की संभाषण तिथेच संपतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे केवळ वय कमी म्हणून कुठलंही गर्भनिरोधक नाकारायचं कारण नाही. गोळ्या सुरू करायला आतून तपासणी लागत नाही. मिश्र (दोन हार्मोन एकत्र असलेल्या) गोळ्यांसाठी रक्तदाब मोजायचा आणि अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या यांची विचारणा करायची. तरी अनेक ठिकाणी तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगतात. मुलगी पुन्हा येत नाही.

असुरक्षित संबंधांनंतर घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन १.५ मिग्रॅ असतं. ती जितकी लवकर तितकी उपयोगी, शक्यतो ७२ तासांच्या आत. उशीर होईल तसा परिणाम घटतो. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही, आणि नंतरच्या संबंधांना तिचं संरक्षण नाही. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर लघवीची तपासणी करावी. हे सगळं कागदावर छापून देऊ नका. तो कागद दप्तरात सापडतो. तोंडी सांगा आणि तिच्याकडून परत म्हणून घ्या.

कंडोम नुसता हातात ठेवू नका, मॉडेलवर मुलाकडूनच चढवून घ्या. चुका तिथेच दिसतात. पाकीट दातांनी फाडतात. खिशातल्या पाकिटात महिनाभर दाबून ठेवलेला वापरतात. उलटा लागला की तोच पलटून पुन्हा लावतात, त्याऐवजी टाकून नवा घ्यायला हवा. टोक चिमटीत न धरल्याने हवा राहते आणि तो फाटू शकतो. तेल किंवा व्हॅसलीनने लेटेक्स कमकुवत होतं.

वर्गातल्या शिक्षणाबद्दल एकच सांगायचंय: वर्षातून एक व्याख्यान उपयोगाचं नाही. सलग तासांची मालिका हवी, आणि त्यात प्रश्नपेटी. पण पेटी कोपऱ्यात ठेवली तर रिकामीच राहते, कारण तिच्याकडे जाणारा सगळ्यांना दिसतो. सगळ्यांना सारख्याच चिठ्ठ्या आणि सारखीच पेन्सिल द्या. ज्याला प्रश्न नाही त्याने फळ्यावरचं एक वाक्य उतरवायचं, म्हणजे प्रत्येक जण लिहिताना दिसतो. चिठ्ठ्या त्याच तासाला वाचू नका. घरी नेऊन अक्षर ओळखता येईल असे प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून काढा आणि पुढच्या तासाला उत्तरं द्या. एखाद्या चिठ्ठीत "काका हात लावतात" असं असेल, तर ती बाजूला काढून त्याच दिवशी समुपदेशकाकडे न्या. वर्गात त्या प्रश्नाचा उल्लेखही नको; शाळा सुटल्यावर कुणाशी, कुठे बोलता येईल एवढं मात्र सगळ्या वर्गाला सांगा.