पत्र्यावाल्याच्या नजरेतून स्टुडबेकर

पन्नासच्या दशकातली अमेरिकन गाडी म्हटलं की सगळ्यांना ५७ ची शेवरोले बेल एअर नाहीतर ५९ ची कॅडिलॅक आठवते. मागे पंख, सगळीकडे क्रोम, दोन-दोन रंग. वरातीच्या घोड्यासारखा साज. बघायला मजा येते, पण पाच मिनिटं. माझ्या मते त्या दशकातली सर्वांत देखणी कूपे, म्हणजे दोन दारांची बुटकी गाडी, १९५३ मध्येच येऊन गेली होती आणि ती मोटारींचं माहेर असलेल्या डेट्रॉइटची नव्हतीच. ती इंडियानातल्या साउथ बेंडची, १८५२ पासून घोडागाड्या बनवत आलेल्या स्टुडबेकरची.

नाव झालं प्रसिद्ध डिझायनर रेमंड लोवींचं. रेघा मात्र त्यांच्या हाताखालच्या रॉबर्ट बर्क यांच्या.

माझं पोट पत्र्यावर चालतं. चिंचवडला पत्रा दाबायचे साचे, म्हणजे डाय, बनवता बनवता इकडे अमेरिकेत आलो, तरी गाडी दिसली की आधी बाजूला जाऊन वाकतो आणि पत्र्यावरून उजेड कसा सरकतो ते बघतो. या गाडीत तो दारापर्यंत जवळजवळ सरळ येतो, तिथे एक तिरकी घडी खाली उतरते आणि मग मागचं पॅनल पुन्हा उचलतं. क्रोमची पट्टी लावून जे दाखवायचं ते इथे नुसत्या पत्र्यानं दाखवलंय. उंची जेमतेम ५६ इंच आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १२०.५ इंच, त्यामुळे उभी असली तरी ती पसरून बसल्यासारखी वाटते. समोर जबडाच नाही. खाली दोन अरुंद खाचा, मध्ये उतरतं बॉनेट. १९५० मध्ये याच कंपनीनं नाकावर बंदुकीच्या गोळीसारखं टोक लावलं होतं, हे सांगून खरं वाटत नाही! न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५३ मध्येच दहा मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही होती.

हे रूप प्रमाणावर किती अवलंबून आहे, ते शेजारी त्याच वर्षीची साधी सेडान उभी केली की कळतं. व्हीलबेस ११६.५ इंच, छप्पर उंच, तोंड तेच. बिचारी आखूड आणि फुगीर दिसते. कंपनीचा अंदाज होता की सेडानच जास्त खपेल. गिऱ्हाईक कूपे मागत आलं. त्यात चालू उत्पादनात पुढचे पत्रे एकमेकांना नीट बसेनात, गाड्या उशिरा निघाल्या. प्रेस शॉपमध्ये ज्यानं अशी सकाळ काढलीय, त्याला त्या लोकांची दया येईल. १९५४ मध्ये पॅकार्ड या दुसऱ्या मोटार कंपनीशी हातमिळवणी झाली आणि १९५५ ला त्या स्वच्छ तोंडावर क्रोमचा जाड ओठ बसवला. मला तो बघवत नाही. याच कूपेवरून काढलेल्या ५६ च्या गोल्डन हॉकची उभी जाळी रुबाबदार आहे, पण ती दुसरीच गाडी झाली.

बहुतेकांना या कूपेतली, खिडक्यांमध्ये खांब नसलेली स्टारलायनर हवी असते, व्ही-एट इंजिनवाली. मी खांबाची स्टारलाइट घेईन, तीही ८५ हॉर्सपॉवरची सहा सिलिंडरवाली चॅम्पियन मॉडेलची, गडद हिरव्या रंगात. खिडकीत तो बारीक खांब असला की छपराचं वजन कुठे उतरतं ते दिसतं आणि माझ्या डोळ्याला बरं वाटतं. सौदा करायच्या आधी मात्र पुढच्या मडगार्डांखाली टॉर्च घालून बघणार; या गाड्यांना गंज तिथूनच खातो.