ताटातली डावी बाजू

मंगळवार, रात्री साडेदहा

ह्यांना अटॅक येऊन आज 14 आठवडे झाले. हृदयाचा नव्हे, मेंदूचा. शेजारच्या काकू अजून 'लकवा'च म्हणतात.

त्या पहाटे डावा हात उचलेना, तर मी म्हटलं, "अंगाखाली आला असेल, मुंग्या आल्यात," आणि तेल कोमट करून चोळत बसले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे दवाखान्यात गेल्यावर कळलं. तेल चोळण्यात किती वेळ गेला, त्याचा हिशेब मी मांडत नाही.

तेव्हापासून वही घातली. सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, उजव्या दंडाला पट्टा बांधायचा, आकडा लिहायचा. 130/80 च्या खाली ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. आज 126/78. साखर, गोळ्या, अंगणातल्या फेऱ्या, सगळ्याला रकाने आहेत. डोक्याला रकाना नव्हता. बोलणं स्वच्छ, पेन्शनचा हिशेब तोंडपाठ, नातवाला चुकला की रागावतातही. मग डोक्याचं काय लिहायचं?

ताटात मात्र रोज तेच उरत होतं. पोळी, भाजी, आमटी फस्त. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. जवसाची चटणी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण! तोंडाची चव गेली असेल म्हणून आठवडाभर गप्प बसले. नंतर खरं तर रागच आला. कुटायची मी, आणि हे बोटसुद्धा लावेनात. डाव्या गालाची दाढी राहून जायची, ती मी हाताच्या अशक्तपणावर ढकलली होती.

व्यायामाला येणाऱ्या ताईंना सहज बोलले. त्यांनी कागदावर गोल काढला आणि म्हणाल्या, "काका, घड्याळाचे आकडे लिहा बरं." ह्यांनी बारापासून सहापर्यंत नीट लिहिले, आणि सात ते अकराही त्याच उजव्या अर्ध्यात कोंबले. डावीकडे कोरा कागद. "झालं," म्हणून पेन खाली ठेवलं, अगदी समाधानाने. माझ्या पोटात गोळा आला.

ताई म्हणाल्या, डोळे शाबूत आहेत, पण मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की कधीकधी डाव्या बाजूचं लक्षच सुटतं. आणि सुटलंय हे त्या माणसाला कळत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच."

दुसऱ्या दिवशी जेवण निम्म्यावर आलं तेव्हा मी काही न बोलता ताट फिरवलं. डावं उजवीकडे आलं. हे थबकले. "अगं, आज चटणी केलीस होय?"

रोज करत होते हो!

मग ताईंनी सांगितलं ते सुरू केलं. पेपरच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी. ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच ओळ वाचायची. नाहीतर निम्मी बातमी वाचून संपादकाला नावं ठेवणं चालूच होतं. नातवाला सांगितलंय, आजोबांना डावीकडूनच हाक मारायची. माझी खुर्चीही डावीकडे आली. पहिले काही दिवस मी शेजारी बसलेली असताना हे मला स्वयंपाकघरात हाका मारत होते. हसू येत होतं, आणि नंतर भांडी घासताना रडूही आलं. ताट फिरवायचं मात्र मी सोडलं. फिरवून दिलं तर मान कशाला वळेल?

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर होते, पुढे हळू, असं डॉक्टर म्हणतात. तीन महिने तर उलटले.

आज ताटाच्या डाव्या काठालाही तांबडी पट्टी लावली. हे जेवता जेवता थांबले, मान वळवली, उजव्या हाताचं बोट काठावरून पट्टीपर्यंत नेलं. मी पाणी ओतत राहिले, बघत नसल्यासारखी.

वहीत नवा रकाना पाडलाय. आजची नोंद: चटणी खाल्ली, कोशिंबीर अर्धी. लिंबू राहिलं.